प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर, ८ महिने वापरून झाल्यावर

काटकसर करायची असं घरात ठरलं की पहिलं फर्मान निघतं ते मोबाईलच्या चार्जरबद्दल. आमच्याकडेही तेच झालं. फोन काढला की बटण बंद करा, कोणी चालू ठेवलं रे, मग त्यावरून धाकटीला बोलणी, ती रुसून खोलीत, असं दोन महिने चाललं आणि बिलातले युनिट काही हललेच नाहीत. सगळ्यांचा मूड गेला तो गेलाच. तेव्हा एका मित्राने त्याच्याकडचं हे मीटर आठवडाभर वापरायला दिलं आणि ते परत केल्यावर चुकल्यासारखं वाटायला लागलं म्हणून स्वतःचं घेतलं. त्याबद्दल लिहितोय, कारण ज्यांना खर्च कमी करायचाय पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये त्यांना मी आधी हेच सांगेन.

वस्तू एकदम साधी. मुठीएवढा डबा, मागे पिना, पुढे सॉकेट, मध्ये छोटा स्क्रीन. भिंतीच्या सॉकेटमध्ये हे लावायचं आणि यात आपलं उपकरण लावायचं, की ते या क्षणी किती वॉट खातंय ते दिसतं, आणि लावून ठेवलं तर एकूण किती युनिट झाले तेही. १००० वॉटची वस्तू १ तास चालली की १ युनिट, एवढं एकच गणित माहीत असलं की बास.

सगळ्यात आधी अर्थातच चार्जर लावला. स्क्रीनवर ०.०. मला वाटलं मीटर बिघडलंय. मग एक्स्टेंशन बोर्डवर घरातले सहाच्या सहा चार्जर नुसते, फोन न लावता, एकदम लावले आणि बोर्ड मीटरवर घेतला, तेव्हा कुठे ०.६ वॉट दाखवलं. म्हणजे एकाला ०.१ वॉट धरला आणि तो वर्षभर दिवसरात्र तसाच राहिला तरी १ युनिटसुद्धा होत नाही. ज्यावरून दोन महिने घरात भांडणं झाली ते हे! त्याच संध्याकाळी धाकटीला बोलावून आकडा दाखवला आणि सॉरी म्हटलं, मनापासून. सुरक्षेसाठी बटण बंद करायचं असेल तर जरूर करा, चांगली सवय आहे, पण त्याला बचत म्हणू नका.

मग टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. रिमोटने बंद केलेला, लाल दिवा लागलेला, आपण समजतो झोपलाय. स्क्रीनवर ११ वॉट. चालू केला तर १२. म्हणजे बंद आणि चालू यात फरक फक्त त्या लाल दिव्याच्या रंगाचा होता. ११ वॉट म्हणजे दिवसाला २६४ वॉट-तास आणि वर्षाला साधारण ९६ युनिट, आणि तुलनेला सांगतो, ९ वॉटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावला तर वर्षाला १६-१७ युनिट होतात. आम्ही मात्र बाबा वाचता वाचता दोन मिनिटं उठून गेले की त्यांच्या खोलीतला दिवा बंद करायला धावायचो आणि हा डबा वर्षानुवर्षं कोपऱ्यात गरम होत बसलेला. आता बोर्डचं बटण रात्री बंद होतं. सकाळी चालू व्हायला दीड-दोन मिनिटं घेतो, तेवढी सवय झाली.

कॉम्प्युटरचे जुने स्पीकर हा दुसरा चोर निघाला. गाणं नाही, आवाज शून्यावर, तरी ९ वॉट, कारण आतला ट्रान्सफॉर्मर कायम चालूच. हात लावला तर मागून कोमट लागतात, कधी लक्षच दिलं नव्हतं. याउलट नवा टीव्ही स्टँडबायवर, म्हणजे रिमोटने बंद पण प्लगचं बटण चालू असताना, ०.४. हा फरक उगाच नाहीये. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबाय १ वॉटपर्यंत खाली आणायचा आग्रह धरला, आणि युरोपियन युनियनने २०१० पासून बऱ्याच घरगुती उपकरणांना १ वॉटची आणि २०१३ पासून ०.५ वॉटची मर्यादा घातली, तेव्हापासून वस्तू बनवायची पद्धतच बदलत गेली. म्हणून शोध घ्यायचा तो जुन्या वस्तूंचा, आणि कायम नेटला किंवा सिग्नलला जोडून राहणाऱ्या डब्यांचा.

पण मीटरचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल केले ते फ्रीजने, आणि इथे घाई करू नका हे कळकळीने सांगतो. फ्रीजला मीटर लावून लगेच आकडा बघाल तर कधी १३० वॉट दिसेल, कधी जवळजवळ काहीच नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. फ्रॉस्ट-फ्री असेल तर मधेच बर्फ वितळवायचा हीटर लागतो आणि आकडा एकदम वर उडी मारतो, मी पहिल्यांदा घाबरलोच होतो. त्यामुळे किमान २४ तास लावून ठेवायचं आणि एकूण युनिट वाचायचे. मी तीन दिवस ठेवलं, सरासरी आली दिवसाला २.१ युनिट. आमच्या मापाच्या फ्रीजला हे जास्त वाटलं म्हणून दाराचं रबर तपासलं. एक साधा कागद दारात धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा, अडकला तर रबर ठीक, अलगद निघून आला तर तिथून थंडावा बाहेर चाललाय. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात कागद असा निघाला की जणू दार उघडंच आहे. रबर बदललं, फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ प्लग काढून ब्रशने झाडली, आणि आतलं तापमान जे कोणीतरी कधीतरी सगळ्यात थंडवर नेऊन ठेवलं होतं ते ४ अंशांवर आणलं. लगेच परत तीन दिवस मोजलं. १.५. रोजचे ०.६ म्हणजे वर्षाला जवळपास २२० युनिट, आणि यात घरातल्या कोणालाही कशावर पाणी सोडावं लागलं नाही, कोणाला बोलावं लागलं नाही. आईने तर फ्रीजच्या दारावर दोन्ही आकडे लिहून चिकटवलेत.

आता तक्रारी. स्क्रीनला लाईट नाही आणि सॉकेट असतात टेबलामागे नाहीतर कपाटाआड, म्हणजे टॉर्च घेऊन आडवं पडून वाचा. डबा रुंद आहे, शेजारचं सॉकेट झाकून टाकतो, छोटी एक्स्टेंशन वायर लागतेच. १-२ वॉटच्या खालचा आकडा एकट्याने भरवशाचा नाही, वरचे चार्जरचे आणि टीव्हीचे आकडेही अंदाजच समजा, म्हणून मी वर चार्जरची केली तशी चार-सहा वस्तू एकत्र जोडायची युक्ती करा. लाईट गेली की साठवलेली बेरीज पुसली जाते, माझ्या फ्रीजचे पहिले दोन दिवस असेच वाया गेले आणि खूप वैतागलो होतो. काही मॉडेलमध्ये आत बॅटरी असते, मिळालं तर तेच घ्या. युनिटचा दर भरून थेट पैसे दाखवायची सोय आहे पण तीन बटणांत ती इतकी गुंतवून ठेवलीय की मी सोडूनच दिली, युनिट कळले की गुणाकार आपण करतोच.

आणि छताचा पंखा, ट्यूब, जे थेट वायरिंगवर आहे ते याने मोजता येत नाही. हे घेण्याआधीच लक्षात घ्या, नाहीतर निराशा होईल. तिथे पंख्यावर किंवा त्याच्या खोक्यावर छापलेले वॉट बघायचे, जुना पंखा ७०-७५ चा असतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० च्या आसपास, अंदाज तेवढ्यावर येतो.

गीझर, हीटर अशा जड वस्तूंना जपून. मीटरवर किती अँपिअर लिहिलंय ते आधी वाचा. माझं १० अँपिअरचं आहे म्हणजे २३० व्होल्टला २३०० वॉटपर्यंत, पण २००० वॉटचा हीटर अर्धा तास लावला तर डबा चांगलाच तापला, परत लावला नाही. गरजही नाही, कारण अशा वस्तूचं गणित कागदावरच होतं. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं, २००० वॉटच्या गीझरला त्यासाठी १५-१६ मिनिटं पुरतात. आमच्याकडे तो पाऊण तास आधी लावायचा रिवाज होता, आता वीस मिनिटं आधी लावतो आणि पाणी कमी पडत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्क्रीनसाठी कापला.

एक मात्र सांगतो, प्रत्येक घराने एकेक विकत घ्यायची ही वस्तू नाहीये. पहिल्या महिन्यात घरभर फिरतं, नंतर काही नवीन आणलं किंवा बिल अचानक वाढलं तरच लागतं. चार-पाच घरांत मिळून एक घ्या आणि आळीपाळीने वापरा, मित्राने मला दिलं नसतं तर मी अजून चार्जरच बंद करत फिरत असतो. देताना आपले आकडे वहीत उतरवून मगच द्या. माझं सध्या मावशीकडे आहे, काल संध्याकाळी तिच्या फ्रीजला लावून आलो, आणि आज सकाळी सातलाच तिचा फोन आला की कागद वरच्या कोपऱ्यातून निघतोय.