बोस्टन की बर्ड्स नेस्ट? आंब्या-फणसाखालच्या सावलीसाठी

आंब्या-फणसाच्या दाट सावलीत गवत धरत नाही, जास्वंद फुलत नाही. मग माणूस नेच्यांकडे, म्हणजे फर्नकडे वळतो. रानातले बरेच नेचे पाऊस सरला की करपतात. बारमाही हिरवे हवेत तर नर्सरीत सहज मिळणारे दोन: बोस्टन आणि बर्ड्स नेस्ट. चिपळूणच्या बाजूला, जांभ्याच्या जमिनीत, माझ्याकडे दोन्ही आहेत.

बोस्टन स्वस्त, आणि धावत्या फुटव्यांनी बघता बघता जागा भरतो. बांधाच्या उतारावर माती धरायला उत्तम. मुळांना लहान बोराएवढ्या पाणीदार गाठी दिसल्या तर ती त्याची भावकी, खरा बोस्टन नव्हे. पण एखादं पाणी चुकलं तरी तीच जास्त तग धरते, तेव्हा परत करायला जाऊ नका.

माझं बिनसलं ते पातेऱ्यावरून. फणसाची पानं वर्षभर गळत असतात, आंबाही मागे नाही. ती बोस्टनच्या गचपणात उभी अडकतात. खराट्याला येत नाहीत, हाताने ओढावीत तर हिरव्या पात्याचा शेंडाच तुटून येतो. त्यात त्याची स्वतःची गळ: सुकल्या पात्याची बारीक पानं भुरुभुरु झडतात, मागे नुसत्या तपकिरी काड्या उरतात. त्या एकेक हुडकून कापायच्या, तेही मे महिन्यात, डास मारत!

बर्ड्स नेस्टला तोच पातेरा मानवतो. हा मुळात खोडावर राहणारा. वरून पडलेला पाला गाभ्यात साठवायचा, कुजवायचा आणि त्यावर पोसायचं, ही त्याची रीतच. जुनं पान पिवळं पडलं की बुडाशी एक काप, झालं काम.

तो महाग आहे, सावकाश वाढतो, हे खरं. पावसाळ्यात गोगलगाईही येतात. गुंडाळलेल्या कोवळ्या पानाला पडलेलं बारीक भोक पानाबरोबर वाढतं आणि ते पान असेतोवर डोळ्यांत खुपतं. रात्री बॅटरी घेऊन वेचाव्याच लागतात. पानाखालच्या तिरप्या तपकिरी रेघा मात्र कीड नव्हे, बीजाणू आहेत. उगाच फवारू नका.

बांध असेल तर बोस्टन लावा, मीही तिथे ठेवलाय. झाडाखालच्या सपाटीला मी तरी बर्ड्स नेस्टच म्हणेन. फक्त चिकट मातीत पुरू नका, आपल्या पावसात गाभा कुजतो. जांभ्याचे तुकडे, नारळाची सोडणं आणि पालाखत यांचा उंचवटा करून त्यावर बसवा, नाहीतर सरळ फणसाच्या दुबेळक्यात सुंभाने बांधा.