धाप लागते: नेहमीचे डॉक्टर की छातीरोगतज्ज्ञ?
नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या काकू 3 आठवडे खोकत आहेत आणि जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबतात. तरीही कोणाकडे जावे, हे त्यांचे ठरत नाही. नेहमीचे डॉक्टर स्वस्त पडतात, त्यांना जुनी औषधे ठाऊक असतात आणि 2 आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी सरकारी केंद्रात मोफत होणारी थुंकीची क्षयतपासणी तेही सुचवू शकतात. तज्ज्ञांकडे खर्च वाढतो, पण स्पायरोमेट्री या श्वासाच्या चाचणीत नळीत जोराने फुंकल्यावर दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांतला जो भेद उलगडतो, तो नुसत्या एक्स-रेवरून कळत नाही. (श्वासातून औषध घेण्याच्या पंपाची सवय लागते, हा गैरसमज दोन्हीकडे घरीच ठेवून जावे.) काकूंनी आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण याच आठवड्यात जावे; खोकला 8 आठवडे टिकला, पंपानेही धाप हटली नाही किंवा थुंकीतून रक्त आले, तर तज्ज्ञच गाठावेत, आणि ओठ निळे पडले तर थेट मेडिकलची, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची, कॅज्युअल्टी.