रोबोटिक्स स्पर्धा: प्रवेशशुल्कापलीकडचा खर्च

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांची माहितीपत्रके हातात पडली की शिक्षकांची आणि पालकांची नजर आधी नोंदणी शुल्काच्या आकड्यावर जाते आणि पुष्कळदा निर्णयही तेवढ्यावरच होतो. माझ्या मते माहितीपत्रकातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच असतो. संघाला प्रत्यक्षात किती पैसे मोजावे लागणार, हे नियमपुस्तिकेतील ‘कोणते सुटे भाग चालतील’ या प्रकरणावरून आणि पुढची फेरी घरापासून किती दूर भरते यावरून ठरते. म्हणून प्रमुख स्पर्धांचे हे परीक्षण मी बक्षिसे आणि झगमगाट बाजूला ठेवून या दोनच अंगांनी केले आहे.

सर्वांत महाग स्पर्धेपासून सुरुवात करणे सोयीचे. संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेची एफआरसी, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, १९९२ पासून भरते. एका हंगामाचे शुल्क सुमारे ६,००० डॉलर आहे. त्यात किमान एका स्पर्धेचा प्रवेश येतो आणि नव्या संघाला चालती गाडी, म्हणजे रोबोटचा चाकांवरचा पाया, उभी करण्याइतके सुटे भागही मिळतात, त्यामुळे ही रक्कम केवळ प्रवेशाची नव्हे, हे मान्य करायला हवे. अडचण त्यानंतर सुरू होते. यंत्र पन्नास किलोच्या पुढचे, मैदान साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद. ते बनवायला कार्यशाळा हवी, सरावाला मोठे सभागृह हवे आणि दोन्हींसाठी हाताशी जाणकार माणसे हवीत.

त्यातच गेल्या काही वर्षांत ‘स्वर्व्ह ड्राइव्ह’ ही रचना आघाडीच्या संघांत जवळपास अनिवार्य झाली आहे. हिच्यात प्रत्येक चाक फिरते आणि स्वतःच्या उभ्या आसाभोवती वळतेही, त्यामुळे रोबोट तोंड न वळवता कोणत्याही दिशेला सरकू शकतो. त्यासाठी चार मॉड्यूल (प्रत्येक चाकाचा एक तयार जोड) आणि आठ मोटर लागतात, शिवाय प्रत्येक चाकाचा कोन मोजणारा संवेदक लागतो. सुरुवातीच्या संचातील साध्या गाडीने खेळता येते, पण अशा यंत्रासमोर बचाव करताना ती किती तोकडी पडते, हे कोणताही एक सामना पाहिला तरी कळते. नियमांनुसार एका सुट्या भागाची किंमत ६०० डॉलरपेक्षा जास्त असू शकत नाही. संपूर्ण यंत्राच्या खर्चावर पूर्वी असलेली मर्यादा मात्र काढून टाकण्यात आली आहे. हिशेबाची कटकट कमी झाली हे खरे, पण श्रीमंत आणि गरीब संघांतील अंतर बांधून ठेवणारी दोरीही त्याबरोबर गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवासखर्चाच्या बाबतीत मात्र याच स्पर्धेने एक चांगला पायंडा पाडला आहे. २००९ मध्ये मिशिगन राज्यात जिल्हा पद्धत सुरू झाली. मोठ्या क्रीडागृहातील एका महागड्या प्रादेशिक स्पर्धेऐवजी शाळांच्या व्यायामशाळांत छोट्या स्पर्धा भरू लागल्या आणि तेवढ्याच शुल्कात संघाला दोन स्पर्धा खेळता येऊ लागल्या. घरापासून जवळ आणि सामने अधिक. खर्च कमी करण्याचा याहून सरळ मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

त्याच संस्थेची एफटीसी, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज, ही धाकटी स्पर्धा मला पैशांच्या मानाने सर्वांत समाधानकारक वाटते. अमेरिकेत तिचे शुल्क साधारण ३०० डॉलरच्या घरात आहे. सामना सुरू होताना रोबोट १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे, म्हणजे तो टेबलावर बनतो आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसून प्रवास करतो. मोटर आणि नियंत्रक (रोबोट चालवणारा छोटा संगणक) ठरावीक यादीतलेच घ्यावे लागतात, पण सांगाडा प्लायवूडचा, पत्र्याचा किंवा त्रिमितीय मुद्रकावर छापलेला असला तरी चालतो. ‘कंट्रोल हब’ नावाचा नियंत्रक स्वतःचे वाय-फाय जाळे तयार करतो. लॅपटॉप त्याला जोडून ब्राउझर उघडला की त्या डब्यातच साठवलेले प्रोग्रॅमिंगचे पान समोर येते. इंटरनेट नसले तरी काम अडत नाही, संगणक जुना असला तरी भागते आणि पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून किंवा जावा भाषेत लिहून रोबोट चालवता येतो. स्पर्धेचे मैदान १२ फुटी चौरस असते आणि त्यावर फोमच्या ३६ फरशा लागतात. नव्या संघाने त्यातल्या चारच घेतल्या तरी वळणे आणि पकड तपासण्याचा सराव होतो. मैदानाभोवतीची अधिकृत चौकट महाग आहे, पण स्वस्तात घरी बनवण्याचे आराखडे संस्था स्वतःच मोफत देते. (लाकडी फळीवर आपटूनही रोबोट तेवढेच शिकवतो.) दोष एकच, पण तो मोठा आहे: कंट्रोल हब एकाच उत्पादकाचा घ्यावा लागतो, आणि अमेरिकेबाहेर वाहतूक व सीमाशुल्क जमेस धरले की ३०० डॉलरचे शुल्क हा खर्चाचा अगदी छोटा भाग उरतो.

व्हेक्स या कंपनीच्या संचांवर चालणाऱ्या स्पर्धेबद्दल थोडक्यात सांगतो. मोजके अपवाद सोडले तर सर्व भाग त्याच कंपनीचे लागतात. ते टिकाऊ असल्याने वर्षानुवर्षे वापरता येतात, पण पहिली खरेदी जड जाते. लेगोवर आधारलेल्या फर्स्ट लेगो लीगमध्ये जुने नियंत्रकही चालतात. लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबोट संचांच्या मालिकेची विक्री २०२२ अखेर बंद झाल्यानंतर ही सवलत फार मोलाची ठरली आहे, कारण शाळेच्या कपाटातला त्याच मालिकेतला ईव्ही३ संच अजून वाया गेलेला नाही.

या सर्वांपेक्षा वेगळा विचार दोन लहान स्पर्धांनी केला आहे. अमेरिकेतील ‘बेस्ट’ ही स्पर्धा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या अभियंत्यांनी १९९३ मध्ये सुरू केली. तिथे शाळांकडून शुल्क घेत नाहीत, सगळ्यांना सारखाच संच मिळतो आणि महागडे भाग हंगामानंतर परत करावे लागतात. ब्रिटनमधील ‘स्टुडंट रोबोटिक्स’ २००६ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठातून सुरू झाली. तीही मोफत आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा संच उसना मिळतो, सांगाडा संघाने स्वतः उभा करायचा आणि कॅमेऱ्याने छापील खुणा ओळखत रोबोट पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आधारे चालवायचा. उसन्या संचामुळे खरेदीची शर्यतच संपते. मर्यादा इतकीच की संच आणि स्वयंसेवक मोजके असतात, त्यामुळे ज्या भागात असे केंद्र नाही तिथल्या संघाला या मोफत दाराचा उपयोग नाही.

आणि दार उघडे असले तरी आत जाता येईलच असे नाही. ‘फर्स्ट ग्लोबल’ या स्पर्धेत प्रत्येक देशाचा एकच संघ असतो आणि संच आयोजक पुरवतात. २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे ती प्रथम भरली, तेव्हा अफगाणिस्तानच्या मुलींच्या संघाला दोनदा व्हिसा नाकारला गेला आणि अगदी अखेरच्या क्षणी, वरिष्ठ पातळीवरून हस्तक्षेप झाल्यावर, परवानगी मिळाली. जागतिक फेरीची स्वप्ने दाखवणाऱ्या मार्गदर्शकांनी ही बाब पालकांना पहिल्याच बैठकीत सांगावी.

माझी शिफारस अशी आहे. प्रायोजक आणि कार्यशाळा दोन्ही पक्की असल्याखेरीज एफआरसीत उतरू नये. थोडे भांडवल आणि एक चिकाटीचा शिक्षक असेल तर एफटीसी घ्यावी. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या मोठ्या मुलांसाठी वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या स्पर्धेचा ‘फ्यूचर इंजिनिअर्स’ गट पाहावा. त्यात स्वतः चालणारी छोटी मोटार बनवायची असते आणि रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो यांसारखे कोणतेही नियंत्रक चालतात. पैसे अजिबातच नसतील तर रोबोकप ज्युनिअर या स्पर्धेच्या बचावकार्य गटातील आभासी विभाग निवडावा. त्याचे सिम्युलेटर वेबॉट्स या मुक्त स्रोताच्या, म्हणजे मोफत मिळणाऱ्या, प्रणालीवर चालते, रोबोट पडद्यावरच असतो, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतले संगणक सुटीच्या दिवशी उघडे ठेवण्याची मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की तयारी सुरू करता येते.