अंजनेरीच्या पावसात आणि द्राक्षबागेत: टीजी-७ या छोट्या कॅमेऱ्याची पारख

जवळून फोटो काढण्यासाठी कॅमेरा घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी मेगापिक्सेल विचारतात आणि मग झूम विचारतात. खरे म्हणजे पाहायला हवे ते वेगळेच असते: विषयापासून लेन्स किती अंतरावर असताना फोकस बसतो, तेवढ्या अंतरावर प्रकाश कुठून आणायचा, आणि फोटोची वेळ येईल तेव्हा कॅमेरा आपल्याजवळ असणार आहे की घरच्या कपाटात. या तीन प्रश्नांच्या कसोटीवर ओएम सिस्टमचा टफ टीजी-७ हा खिशात मावणारा कॅमेरा नाशिक परिसरातल्या निसर्गप्रेमींना आणि बागायतदारांना घेण्याजोगा आहे, असे माझे मत आहे. ते कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, हे पुढे सविस्तर मांडतो.

ऑलिम्पसने २०२१ च्या सुरुवातीला आपला कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे सोपवला आणि त्याच वर्षी ओएम सिस्टम हे नाव पुढे आले. त्यामुळे २०१९ चा टीजी-६ ऑलिम्पसच्या नावाने मिळतो, तर २०२३ चा टीजी-७ नव्या नावाने. घराणे मात्र एकच आहे. दोन्हींचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप, १२ मेगापिक्सेलचा आहे आणि लेन्सही तीच, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २५ ते १०० मिलिमीटर आणि ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) एफ/२ ते एफ/४.९. टीजी-७ ला यूएसबी-सी जोडणी मिळाली, ही रोजच्या वापरातली मोठी सोय आहे, कारण फोनच्याच केबलने कॅमेरा चार्ज होतो. बॅटरीसह वजन सुमारे २५० ग्रॅम भरते. वेगळे आवरण न घालता तो १५ मीटर खोल पाण्यापर्यंत चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी टिकेल अशी त्याची बांधणी आहे, आणि चालू केल्यावर त्याची लेन्स बाहेर येत नाही. पुढे सपाट काच असते, ती रुमालाने पुसली की काम भागते.

आता मूळ विषयाकडे येतो. कॅमेऱ्याच्या मागच्या मोड डायलवर, म्हणजे फोटोचा प्रकार निवडण्याच्या तबकडीवर, सूक्ष्मदर्शकाचे चिन्ह आहे. डायल तिथे फिरवला की लेन्सच्या काचेपासून १ सेंटिमीटरपासून ३० सेंटिमीटरपर्यंत फोकस बसतो, आणि विशेष म्हणजे झूम पूर्ण पुढे नेला तरी तो १ सेंटिमीटरवर बसतो. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांत जवळचा फोकस केवळ रुंद कोनात मिळतो, झूम केला की विषयापासून मागे सरकावे लागते. इथे तसे होत नाही, म्हणून तांदळाचा एक दाणा चौकट जवळपास भरून टाकतो. हे कसे साधते ते समजून घेतले तर दुकानातल्या बोलण्याने गोंधळ होत नाही. लेन्सच्या जगात १:१ मोठेपणा म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडणे. मोठ्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर १:१ साधले तर ३६ मिलिमीटर रुंदीची वस्तू चौकट भरते. टीजी-७ चा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आहे. त्यामुळे तीच ३६ मिलिमीटरची वस्तू चौकटभर दिसायला इथे एक षष्ठांश मोठेपणा पुरतो, आणि मोठेपणा कमी लागला की फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ते, वाढते. छोटा सेन्सर एरवी उणीव समजला जातो. जवळच्या फोटोत तो उपयोगी पडतो.

या खोलीचे मोल द्राक्षबागेत कळते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर पाने फुटू लागली की शेतकऱ्याचे निम्मे लक्ष पानांच्या मागच्या बाजूकडे असते. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा प्रादुर्भाव झाला की पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळसर डाग दिसतो आणि त्याच जागी खालच्या बाजूस पांढरी बुरशी येते. भुरी हा दुसरा बुरशीजन्य रोग पानावर आणि मण्यांवर राख शिंपडल्यासारखा पसरतो. सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत हा फरक दिसला पाहिजे. पाठवले जाणारे फोटो मात्र पुष्कळदा असे असतात, की मागची वेल स्पष्ट आणि रोगट पान धूसर. टीजी-७ ने पान उलटे धरून, काचेपासून तीन-चार सेंटिमीटरवर फोटो घेतला, तर बुरशीचा कापसासारखा थर, तिच्याखालची शीर आणि पानाच्या कडेची लव ही सर्व एकाच फोटोत येतात. थ्रिप्स (फुलकिडे) साधारण १ मिलिमीटरचे असतात. पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटताना ते कोवळ्या पानावर बसलेले भिंगाशिवाय नीट ओळखू येत नाहीत. या कॅमेऱ्यात त्यांचे पिवळट अंग आणि पानावर त्यांनी केलेले ओरखडे वेगवेगळे दिसतात. हातांना औषधाचे पाणी लागलेले असले तरी कॅमेरा धुता येतो, ही गोष्ट बागेत काम करणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पान वाऱ्याने हलत नसेल तर फोकस स्टॅकिंगचा पर्यायही वापरून पाहावा. कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत एकामागून एक फोटो घेतो आणि त्यांतले स्पष्ट भाग जोडून स्वतःच एक फोटो तयार करतो. चौकटीच्या कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून विषयाभोवती जागा सोडावी. हलणाऱ्या कीटकासाठी हा प्रकार निरुपयोगी आहे.

पावसाळ्यात नाशिककराचे पाय त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागतात आणि त्यांतले अनेक अंजनेरीच्या पठारावर जातात. तिथे ढग अंगावरून सरकतात, झडीचा पाऊस कोणत्याही क्षणी येतो आणि पाहण्यासारखी फुले नेमकी त्याच काळात फुलतात. अंजनेरीच्या नावानेच ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात याच डोंगररांगेतली; तिच्यासारख्या दुर्मीळ वनस्पतींसाठी हा परिसर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. कंदीलपुष्पाच्या नळीत आतल्या बाजूस केस असतात; ते छोट्या माशीला काही काळ आत अडकवून ठेवतात आणि परागीभवन घडवून आणतात. ते केस दिसतील इतक्या जवळ जाण्यासाठी फूल तोडावे लागत नाही, हे या कॅमेऱ्याचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य आहे. मोठा कॅमेरा अशा पावसात पिशवीतच राहतो.

याच संदर्भात एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. टीजी-७ मध्ये जीपीएस आहे, म्हणजे फोटो कुठे काढला त्या जागेची नोंद होऊ शकते. बागेतल्या रोगाची जागा नोंदवायला ते उत्तम. पण दुर्मीळ वनस्पतीचा फोटो स्थाननोंदीसह इतरांना पाठवणे म्हणजे तिचा पत्ता वाटणे आहे. पठारावर जाताना ही नोंद बंद ठेवावी, किंवा फोटो पाठवण्याआधी ती काढून टाकावी.

प्रकाशाची अडचण मात्र खरी आहे आणि ती विकत घेण्याआधी समजून घ्यायला हवी. विषय १ सेंटिमीटरवर आला की कॅमेऱ्याची आणि आपल्या हाताचीही सावली त्याच्यावर पडते. यासाठी लेन्सभोवती बसणारे एलजी-१ हे प्रकाशाचे कडे आणि फ्लॅशचा प्रकाश पसरवणारे एफडी-१ अशी दोन जोडउपकरणे मिळतात. एलजी-१ कॅमेऱ्याच्याच छोट्या दिव्याचा प्रकाश वर्तुळात फिरवून विषयावर टाकते. स्थिर फूल, नाणे, पैठणीच्या पदराची वीण यांना ते पुरते. हलत्या कीटकासाठी फ्लॅशचा क्षणिक प्रकाश लागतो, म्हणून एफडी-१ अधिक उपयोगी. दोन्हींपैकी एकच परवडणार असेल तर मी एफडी-१ सुचवीन. तरीही फुलपाखरू आणि चतुर यांच्या इतक्या जवळ काच नेली की ते उडून जाणारच, आणि त्यावर या कॅमेऱ्यात उपाय नाही.

रोजच्या वापरात त्याची कामगिरी मिश्र आहे. दिवसाउजेडी घरातली मुले, बाजार, प्रवास, गोदाकाठ यांचे फोटो स्वच्छ आणि योग्य रंगांचे येतात. रुंद कोनात एफ/२ असल्याने घरातही बऱ्यापैकी निभावते. संध्याकाळी रामकुंडावरच्या आरतीत मात्र दिव्यांच्या पलीकडचा अंधार दाणेदार होतो, आणि १०० मिलिमीटरच्या टोकाला ॲपर्चर एफ/४.९ पर्यंत आकसलेले असल्याने लांबून चेहरे टिपणे कठीण जाते. ॲपर्चरचे टप्पेही मोजकेच आहेत. मागचा पडदा दुमडत नाही, डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी नाही. जमिनीलगतच्या फुलासाठी सरळ चिखलात आडवे व्हावे लागते. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांसाठी हा कॅमेरा घेऊ नये. पुढच्या सिंहस्थाची स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत, त्या गर्दीत आणि पाण्यात दिवसा वापरायला मात्र तो सोयीचा ठरेल.

जवळपास तेवढ्याच पैशांत सुरुवातीचा मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा किट लेन्ससह, म्हणजे सोबत येणाऱ्या साध्या लेन्ससह, मिळू शकतो, मग तोच का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की किट लेन्स मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठी प्रतिमा देणारी, नसते. मॅक्रोसाठी लेन्स वेगळी घ्यावी लागते आणि खर्च तिथे वाढतो. निकॉनचा झेड-५०-२ आणि त्याच्यासोबत २०२१ ची एमसी ५० मिलिमीटर एफ/२.८ ही जोडी घेतली तर सेन्सरचे क्षेत्रफळ टीजी-७ च्या सुमारे १३ पट होते, आणि रात्रीच्या तसेच माणसांच्या फोटोंत तो फरक कोणालाही दिसेल. परंतु वजन ८०० ग्रॅमच्या वर जाते, बॉडीत किंवा लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारी सोय नाही, आणि १:१ साधताना लेन्सचे तोंड विषयापासून पाच-सहा सेंटिमीटरवर येते. कीटकांचाच ध्यास असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी, कारण तीत १:१ ला १३ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राखता येते. ज्यांच्याकडे आधीपासून मोठा कॅमेरा आणि टेली झूम (लांबचे जवळ आणणारी लेन्स) आहे, त्यांनी नवा काहीही घेण्याआधी रेनॉक्सचे डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टर शक्तीचे, लेन्सच्या पुढे चिमट्याने बसणारे भिंग वापरून पाहावे. त्या खर्चात दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही. फोनमधील २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो लेन्सवर विसंबून राहू नये.

महात्मा गांधी रोडवर असो किंवा कॉलेज रोडवर, कॅमेरा प्रत्यक्ष हातात घेऊनच ठरवावे आणि जाताना स्वतःचे मेमरी कार्ड आणि शाळेतली सहा इंची पट्टी न्यावी. पट्टी काउंटरवर ठेवून, झूम पूर्ण पुढे करून, फोकस बसेल तितक्या जवळून फोटो घ्यावा आणि चौकटीत किती मिलिमीटर मावले ते मोजावे. कोणत्याही कॅमेऱ्याच्या खोक्यावर मॅक्रो लिहिलेले असो, खरा आकडा त्या फोटोत असतो. ५० मिलिमीटर मावत असतील तर तो फुलांचा कॅमेरा आहे, १० च्या आत येत असतील तर किडींचा. त्याच फोटोत पट्टीच्या रेघा कडेला वाकतात का, हेही पाहून घ्यावे.

टीजी-७ घेतलाच, तर बॅटरीच्या आणि जोडणीच्या झाकणांकडे लक्ष असू द्यावे. दोन्हींना दुहेरी कुलूप आहे आणि आत रबरी सील आहे. त्यावर वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत शिरू शकते. चिखलातून आल्यावर झाकणे बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि मगच झाकण उघडावे. सील वर्षातून एकदा बदलून घेण्याची सूचना उत्पादकाचीच आहे. ते काम मृग लागण्याआधी उरकावे, म्हणजे पहिल्या पावसात कॅमेरा बाहेर काढता येतो.