पुण्यात शिवून घेतलेली स्नोबोर्डची पॅडेड बॅग, गुलमर्गला वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. ज्यांचा स्वतःचा स्नोबोर्ड (उभं राहून बर्फावरून घसरायची फळी) आहे आणि जे दर हिवाळ्यात इथून गुलमर्गला जातात, त्यांनी बॅग मापाने शिवून घ्यावी. रेडिमेड वाईट असते असं नाही, पण रेडिमेड बॅग बनवणाऱ्याने तुमचा बोर्ड बघितलेला नसतो, आणि या सामानात सगळा खेळ फिटिंगचा आहे. पॅडिंग किती जाड हे लोक आधी विचारतात, मी म्हणते बोर्ड आत हलतो का ते आधी बघा.

कारण बोर्ड मोडतो कसा ते बघा ना. आत लाकडाचा गाभा, वर-खाली फायबरग्लासचे थर, खाली प्लास्टिकचा बेस आणि कडेने स्टीलची एज, मधला भाग दणकट असतो, त्याच्यावर माणूस उड्या मारतो, त्याला बॅगेत काही होत नाही. नाजूक असतात ती दोन टोकं, नोज आणि टेल, तिथे बोर्ड पातळही असतो आणि वर वळलेलाही. एअरपोर्टवर लांबडी बॅग उभी टेकवली जाते, आडवी पडते, बेल्टवरून घसरते आणि प्रत्येक वेळी धक्का जातो टोकाला. आता बोर्ड आत वीतभर सैल असेल तर तो आतल्या आत धावतो आणि बायंडिंग (बूट बोर्डाला जखडून धरणारी पकड), बूट, कपडे सगळ्यांचं वजन घेऊन टोकावर आदळतो. टॉपशीट, म्हणजे बोर्डाचं वरचं आवरण, तिथून उचलली गेली की पाणी आत शिरतं आणि लाकडाने पाणी धरलं की मग थर सुटायला लागतात. माझा बोर्ड १४९ सेंटीमीटरचा आणि कंपन्यांच्या बॅगा येतात ठरावीक साइजच्या, उदाहरणार्थ बर्टनच्या १४६, १५६, १६६ अशा, म्हणजे मधल्या मापाच्या माणसाने एक तर कोंबायचा नाही तर सैल ठेवायचा. आधीची माझी बॅग (कंपनीचं नाव घेत नाही) आतून बऱ्यापैकी सैल होती आणि पॅडिंग सगळीकडे सारखंच, पातळ स्पंजचं, जिथे लागतं तिथेही तेवढंच आणि जिथे नाही लागत तिथेही तेवढंच. नोजवरची टॉपशीट त्या बॅगेतच उखडली.

तर ही नवीन बॅग. रविवार पेठेच्या भागात एक काका आहेत, तबल्या-हार्मोनियमची कव्हरं, क्रिकेटच्या किट बॅगा, ट्रेकिंगच्या सॅक असलं सगळं शिवतात. एकटे शिवतात आणि ओळखीतून येणारं कामच त्यांना पुरून उरतं, म्हणून नाव-नंबर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, पण पुण्या-मुंबईत वाद्यांची कव्हरं शिवणारा चांगला कारागीर शोधलात तर हे काम त्याला जमेलच असं मला वाटतं, कारण महागडी नाजूक वस्तू प्रवासात कशी जपायची हे त्या लोकांना मुळात कळलेलं असतं. मी बोर्ड घेऊनच गेले. काकांनी तो आडवा ठेवला, दोन्ही टोकं हाताने दाबून बघितली, एजवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे धारेचं पातं आहे, नुसतं अस्तर लावलं तर एका प्रवासात कापून टाकील." मी अजून काही सांगायच्या आधीच. मला तिथेच पटलं की माणूस बरोबर आहे.

फोमबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच बहुतेक जण फसतात. दुकानात दाबल्यावर मऊ लागतो तो स्पंज म्हणजे ओपन सेल फोम, तो हाताला छान लागतो पण धक्का बसला की पूर्ण दबतो आणि पाणी पितो, गुलमर्गचा बर्फ वितळून एकदा आत गेला की दोन दिवस ओली बॅग घेऊन फिरा. हवा क्लोज्ड सेल, म्हणजे ट्रेकला झोपायला जी मॅट नेतो ना त्या जातीचा, ईव्हीए किंवा क्रॉस-लिंक्ड पॉलिथीन. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई फोम स्वस्त आणि हलका असतो पण घडी पडली की तिथे कायमची खूण राहते, त्यामुळे तोही नको. आम्ही सपाट बाजूंना १० मिलीमीटर घेतला, दोन्ही टोकांना त्याचाच डबल थर म्हणजे २० मिलीमीटर, आणि टोकाच्या आत काकांनी फोमचीच एक टोपी बसवली, बोर्डाच्या गोलाईला कापून, त्यात नोज बरोबर जाऊन बसतं. ही टोपी म्हणजे या बॅगेतली सगळ्यात चांगली गोष्ट. बॅग आपटली तर धक्का एका बिंदूवर न जाता सगळ्या गोलाईवर पसरतो. वर आतून वेल्क्रोचे दोन पट्टे आहेत जे बोर्डाला मधून आवळून धरतात. बहुतेक बॅगांना आवळायचे पट्टे बाहेरून असतात आणि ते बॅग आवळतात, बोर्ड नाही आवळत.

एजसाठी आतून चारी बाजूंनी जाड रेक्झिनची पट्टी शिवली आहे, साधारण चार बोटं रुंद. अजून कुठे कापलं गेलेलं नाही. फक्त एक करा, बोर्ड पुसून कोरडा करूनच आत ठेवा, कारण रेक्झिन हवा जाऊ देत नाही आणि ओल राहिली तर एज गंजते.

बाहेरचं कापड १६८० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) घ्या असं मी हट्टाने सांगितलं. ६०० डेनियरचं पॉलिस्टर शाळेच्या दप्तराला ठीक आहे, इथे नाही चालत, आणि का ते ज्यांनी श्रीनगर ते गुलमर्ग रस्ता केलाय त्यांना माहितीय. एअरपोर्टवरून सुमोच्या टपावर बॅग चढते, लोखंडी कॅरिअरला दोरीने करकचून बांधतात, मग तंगमर्गला येऊन पोचलात आणि वर बर्फ जास्त असला की चाकांना साखळ्या लावलेल्या नाही तर फोर बाय फोर गाडीत सामान बदलायचं, पुढचे १३ किलोमीटर घाटाचे, आणि हे सगळं होईतो टपावर चिखल-बर्फाचा राडा. कॅरिअरच्या गजावर कापड सतत घासतं. म्हणून तळाला आणि दोन्ही टोकांना बाहेरून ताडपत्रीच्या जातीचं पीव्हीसी कोटिंगवालं कापड वेगळं लावलंय. दोरी बांधायला बाजूने कड्या पण आहेत, त्यामुळे ड्रायव्हरदादा दोरी हँडलमधून न ओवता कड्यांतून ओवतात आणि हँडलची शिवण वाचते. हँडलच्या बेल्टला चौकोन काढून त्यात फुलीचे टाके मारलेत, दोरा नायलॉनचा जाड. आणि मुख्य म्हणजे बेल्ट नुसता बाजूला शिवलेला नाही, तो बॅगेच्या खालून पूर्ण गोल फिरून परत वर येतो, म्हणजे वजन शिवणीवर येतच नाही. कुठलीही बॅग घेताना हे एवढं उलटून बघा.

चेन १० नंबरची, दोन रनर, आणि तीन बाजूंनी पूर्ण उघडते. बॅग उघडून दाखवताना याचा फार उपयोग होतो. श्रीनगरहून परत येताना टर्मिनलच्या बरंच आधी गाडीतून सगळं सामान उतरवून एक्स-रे मशीनमधून काढावं लागतं, परत गाडीत टाकायचं, परत टर्मिनलला स्कॅन, आणि एवढी लांब बॅग दिसली की उघडायला सांगतातच, त्यात त्यांचं काही चूक नाही. पूर्ण उघडणारी बॅग असली की झाकण उचललं, बोर्ड दिसला, विषय संपला. टोकाकडून बोर्ड सरकवून काढायच्या बॅगा असतात त्यांचं मात्र तिथे रांगेत हाल होतात.

आता चाकं. मला सगळ्यांनी विचारलं की चाकं का नाही लावली. कारण १५ किलो. आपल्या बहुतेक डोमेस्टिक तिकिटांवर तेवढंच चेक-इन फुकट मिळतं आणि वर किलोमागे पैसे, शिवाय स्पोर्ट्सच्या सामानाला काही विमान कंपन्या वेगळे पैसे लावतात, ते बुकिंग करताना आधीच बघून घ्या. हिशोब करा: बोर्ड पावणेतीन किलोच्या आसपास, बायंडिंगची जोडी दोन किलो, बूट दोन-अडीच किलो. चाकं आणि खाली कडक प्लेट असलेली बॅग स्वतःच चार-पाच किलोची असते. माझी आहे २.८ किलो, म्हणजे जॅकेट-पँट, थर्मल, हातमोजे सगळं त्यातच बसतं आणि तेच कपडे अजून पॅडिंगचं काम करतात. आणि गुलमर्गला बर्फात त्या बारक्या चाकांचा काहीही उपयोग नाही, हॉटेलपर्यंत बॅग खांद्यावरच न्यावी लागते, म्हणून सॅकसारखे दोन पट्टे लावून घेतले जे नको तेव्हा एका खिशात आत जातात. एअरपोर्टला ट्रॉली असतेच.

बूट शक्यतो केबिनमध्ये घ्या. बॅग मागच्या फ्लाइटला राहिली तर बोर्ड गुलमर्गच्या दुकानात भाड्याने मिळतो, पायात नीट बसलेले बूट नाही मिळत.

बायंडिंग काढून ठेवायचे की तसेच? मी काढते. तसेच ठेवले तर बॅग मधेच फुगते, फोमवर एकाच जागी जोर येतो आणि फिटिंगचा सगळा फायदा जातो. एम६ चे स्क्रू असतात, ३ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, छोटा घेऊन गेलात तर स्क्रूचं डोकं खराब होईल. स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्येच टाका. स्क्रू-वॉशरसाठी काकांनी आतून एक चपटा चेनवाला खिसा दिलाय, लाल अस्तराचा, म्हणजे काही आत राहिलं की दिसतं. हा लाल रंग त्यांनी स्वतःहून दिला, मी सांगितलं नव्हतं.

जे आवडलं नाही ते पण लिहिते. खांद्याचे पट्टे पातळ आहेत, फोम आहे पण रुंदी कमी, भरलेली बॅग घेऊन लांब चाललात तर खांदे भरून येतात, आणि बकल हातमोजे घालून सुटत नाही, थंडीत तर अजिबातच नाही. शिवणी वॉटरप्रूफ नाहीत, कापड पाणी थोपवतं पण टाक्यांमधून ओल येते, त्यामुळे कपडे मी प्लास्टिकच्या पिशवीतच घालते. आणि वेळ. काका गणपतीच्या तोंडावर कुणाचंच काम घेत नाहीत, कारण ढोलांच्या कव्हरांची घाई असते, मग नवरात्र, मग दिवाळीची सुट्टी. माझी बॅग सांगितलेल्या तारखेपेक्षा बरीच उशिरा मिळाली. काम बघून राग गेला पण डिसेंबरच्या शेवटी निघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला असता.

खर्च सामानासकट साडेसहा हजार आला. त्यात मोठा वाटा फोम आणि कापडाचा, शिलाई काकांनी मला तर कमीच लावली असं वाटलं आणि मी तसं बोललेही. बाहेरून मागवलेली चांगली पॅडेड बॅग कस्टम्स धरून याच्या कितीतरी वर जाते.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र मी हेच डिझाइन सांगणार नाही. अमेरिकेत बॅगेला २३ किलोपर्यंत चालतं, डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या विमान कंपन्या बोर्डाची बॅग आणि बुटांची बॅग मिळून एकच नग धरतात आणि एअरपोर्टपासून गाडीपर्यंत सगळं सपाट, तिथे चाकांची बॅगच बरी. जपानला गेलात तर अजून सोपं, तिथे यामातोची स्की पाठवायची कुरिअर सेवा आहे, एअरपोर्टवरून बॅग दिली की थेट हॉटेलला पोचते, तुम्ही रिकाम्या हाताने ट्रेन पकडा. तिथे टोकांचं पॅडिंग महत्त्वाचं, खांद्याचे पट्टे नाहीत. आपल्याकडचा रस्ता वेगळा म्हणून आपली बॅग वेगळी.

वापरायचं म्हणाल तर गुलमर्गच्या हॉटेलात बॅग ओली झाली की सगळ्यांना ती बुखारीजवळ (खोली गरम ठेवायची पत्र्याची शेगडी) वाळत टाकायचा मोह होतो, तसं करू नका, गरम पत्र्याजवळ फोम मऊ पडतो, आकार बदलतो आणि कापडाचं कोटिंगही सुटतं. पूर्ण उघडून खोलीच्या दुसऱ्या भिंतीला उभी करा, सकाळपर्यंत वाळते. घरी आल्यावर पावसाळ्यात बोर्ड त्यात बंद करून ठेवू नका, पुण्याची हवा आणि स्टीलची एज यांचं जमत नाही, बोर्डाला वॅक्सचा जाड थर लावून बाहेर उभा ठेवा.

आणि शिवायला टाकणार असाल तर कारागिराला नुसते आकडे सांगू नका. मोठ्या ब्राऊन पेपरवर बोर्ड ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारून तो कागद द्या, टोकं किती वर वळलीत ती उंची बाजूला लिहा, आणि लांबीला दोन्हीकडे मिळून पाच-सहा सेंटीमीटरच जास्त धरा, त्यातले चार तर फोमच्या टोप्यांतच जातात. ऑर्डर जुलैच्या सुरुवातीला द्या.