बिनशिक्क्याचा घडीचा चाकू: डोळा भरायला चालतो का?

वरूडच्या आठवडी बाजारात विळे-कुदळींच्या शेजारी ताडपत्रीवर घडीच्या चाकूंचा ढीग असतो. पात्यावर ना कंपनीचं नाव, ना शिक्का. मी त्यातले दोन घेतले. एक काळपट पात्याचा, लाकडी मुठीचा, १२० रुपयांना. दुसरा चकचकीत, १५० रुपयांना. संत्र्याच्या रोपवाटिकेत डोळा भरायला, म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरची कळी सालीसकट काढून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायला, काळा चाकू फार चांगला चालतो आहे. चकचकीत घेऊ नका. पण पुढच्या बाजारी त्याच ढिगात वेगळं पोलाद येऊ शकतं, म्हणून कसं ओळखायचं तेही सांगतो.

विकणाऱ्याला विचारलं तर एकच उत्तर: "पोलाद हाये भाऊ, अस्सल. नाही चाललं त आनून द्या." माणूस खोटं बोलत नाही, त्यालाही माल ठोकानं येतो. काही जण खिशात लोहचुंबक घेऊन येतात आणि चाकू चिकटला की खूश होतात. त्याचा इथे उपयोग नाही. चाकूसाठी वापरतात ते स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. उलट न चिकटणारं पातं दिसलं तर ते सरळ खाली ठेवा. ते भांड्यांचं स्टेनलेस असतं आणि पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं, तरी कडक होत नाही.

खरी परीक्षा आपल्या घरातच पडून आहे. मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट! त्याचं आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण (बुरशीवरची फवारणी) करताना आपण घासलेला विळा त्यात बुडवतो आणि त्यावर तांबूस रंग चढला की आणखी चुना घालतो. इथेही तेच होतं. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. पात्याचं तेल राखेनं किंवा साबणानं नीट घासून काढा, प्लॅस्टिकच्या झाकणात चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवा आणि मुठीजवळ एक थेंब ठेवा. काळ्या चाकूवर बघता बघता तांब्याचा ठिपका उमटला. म्हणजे साधं कार्बन पोलाद. चकचकीतवर काहीच झालं नाही, कारण क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर तांब्याला खाली पोचू देत नाही. स्टेनलेस म्हणवायला पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, चाकूंच्या स्वस्त पोलादात ते बहुधा तेराच्या आसपास असतं. अशा काठावरच्या पोलादावर थेंब बराच वेळ राहिला तर फिकट डाग पडू शकतो, म्हणून पहिल्या काही सेकंदांतच काय होतं ते बघा.

एक सावधगिरी. शेजाऱ्यानं घेतलेल्या चकचकीत चाकूवरही थेंब तसाच राहिला. मग कानशीनं बारीक ओरखडा काढून त्यात थेंब टाकला तर ओरखडा तांबडा झाला. वर नुसता क्रोमचा मुलामा, आत साधं लोखंड. म्हणून चकाकणाऱ्या पात्याला आधी ओरखडा, मग थेंब. मोरचूद विषारी आहे. नंतर पातं भरपूर पाण्यानं धुऊन दगडावर घासून घ्या. घरात मोरचूद नसेल तर कापलेलं लिंबू पात्यावर दहा मिनिटं ठेवा, कार्बन पोलादावर करडा डाग पडतो.

पोलादाची जात कळली तरी त्याला पाणी कसं दिलंय हे कळत नाही, आणि कलमाच्या कामात तेच सगळ्यात महत्त्वाचं. यासाठी जुनी कानस धारेच्या मागच्या टोकाला हळूच फिरवा. काळ्या चाकूवर ती सरकत गेली, जेमतेम पकडली. चकचकीतवर लोण्यात शिरावी तशी शिरली. स्टेनलेस असूनही तो मऊच आहे. गंजणार नाही, पण धार टिकणार नाही.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडरवरही बघितलं, पात्याच्या पाठीवर, धारेवर नाही. काळ्यातून पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडाल्या आणि हवेतच फाटे फुटून चांदण्या झाल्या, म्हणजे कार्बन भरपूर. चकचकीतच्या ठिणग्या आखूड, नारिंगी, फाटे थोडे. हे करताना पातं निळं पडू देऊ नका, निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं. यापलीकडे नेमकी ग्रेड घरी कळत नाही. गाडीच्या कमानीचा पाटा की दुसरी कुठली पट्टी, हे प्रयोगशाळेतल्या यंत्राचं काम. भंगारवाल्यांकडची क्ष-किरणांनी धातू ओळखणारी हातातली बंदूक क्रोमियम बरोबर दाखवते, कार्बन मात्र मोजू शकत नाही.

आता कामावर. जंबेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) खुंटावर, म्हणजे ज्यावर कलम करायचं त्या रोपावर, टी आकाराचा छेद घ्यायचा, डोळकाडीवरून (डोळे असलेल्या फांदीवरून) ढालीसारखा डोळा एका ओढीत काढायचा आणि सालीत सरकवायचा. धार बोथट असेल तर साल कापली जात नाही, चिरडली जाते, आणि चिरडलेला डोळा सुकतो. काळ्या चाकूनं साल कागदासारखी कापली जाते. मध्ये चामड्यावर दोन हात ओढले की पुन्हा तीच धार. चिकानं पातं काळंनिळं होतं, ते राहू द्या, तो गंज नाही. लाल पावडर दिसली तर मात्र लगेच पुसा.

काळ्या चाकूची खरी अडचण निर्जंतुकीकरणात आहे. एक्झोकॉर्टिससारखा खुंटाची साल फाटवणारा रोग चाकूवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि रंगपूर लाइम या दुसऱ्या लिंबाचा खुंट त्याला लवकर बळी पडतो. म्हणून मातृवृक्ष (ज्या झाडाचे डोळे घेतो ते) बदलला की मी चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवतो. ब्लीच कार्बन पोलाद खातं. लगेच साध्या पाण्यात धुवायचा, पुसायचा, खोबरेल लावायचं. जवसाचं तेल लावू नका, ते वाळून बिजागरी चिकटवतं. एवढी शिस्त जमणार नसेल तर चांगलं पाणी दिलेला, खऱ्या स्टेनलेसचा कंपनीचा चाकू घ्या. तो महाग पडतो, पण या बाबतीत सोपा.

काळ्याची बांधणी साधीच आहे. रिव्हेट सैल होती, हातोडीनं दोन ठोके दिल्यावर बसली. उघड्या पात्याला कुलूप नाही, तेव्हा जोर लावून लाकूड कापू नका. साल उचलायचा वेगळा भागही नाही, त्यासाठी मी बांबूची चपटी काडी वापरतो. ढिगातून निवडताना पातं बंद करून उजेडात धरा. मुठीच्या मधोमध न बसता एका बाजूला घासणारं असेल तर दुसरा उचला.