ब्रेसाँ घ्यायचा की रघुबीर सिंग?

सांगलीत हळदीचा हंगाम जवळ आला की फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाची पोरं विचारायला लागतात, "ताई, सबमिशनला कोण घेऊ?" एका मोठ्या छायाचित्रकाराचं काम बघायचं, त्याला आपल्याकडून उत्तर म्हणून बारा फोटो काढायचे आणि दोन पानं लिहायची. मी हे दोनदा केलंय. पहिल्यांदा आंरी कार्तिए-ब्रेसाँ घेतला, ते काम परत आलं. मग रघुबीर सिंग. त्यामुळे दोन्हीकडचे चटके माहीत आहेत.

ब्रेसाँ बहुतेक जण घेतात, कारण तो सोपा वाटतो. लायका कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, कृष्णधवल फिल्म, बास. आपल्या किट कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे ३५ मिमीवर झूम ठेवलं की साधारण तेवढंच दिसतं, म्हणजे खर्च शून्य. त्याचा १९३२ सालचा इयेर गावातला फोटो बघ: वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या गल्लीतून सुसाट निघालेला सायकलवाला. जागा आधी हेरलेली, सायकल मागून आलेली. मला वाटलं, हे तर सांगलीतही जमेल. आयर्विन पुलावरून घाटाच्या पायऱ्या दिसतात. तीन सकाळी कठड्याला टेकून उभी राहिले. चौथ्या दिवशी हवा तसा माणूस आला, हवा तिथं पोचला, आणि मान वर करून ओरडला, "काय पडलंय का खाली?" फोटो आहे माझ्याकडे. त्यात तो माझ्याकडेच बघतोय.

एक मात्र खरं, हात आणि डोळा बसवायला ब्रेसाँसारखा मास्तर नाही. चौकट आधी, माणूस मागून, ही शिस्त त्या चार सकाळींत अंगात मुरली. तोंडी परीक्षेत "तो फोटो कधी कापायचा (क्रॉप करायचा) नाही" असं मात्र छातीठोक सांगू नकोस. पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनामागं डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा सगळ्यात गाजलेला फोटोच कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढला होता, डावी बाजू अडली होती.

माझं काम परत आलं ते मार्केट यार्डामुळं. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालले होते. ढीग, पोती, हमाल, हवेत धूळ, आणि मी सगळं कृष्णधवलमध्ये काढलं. घरी येऊन बघते तर पिठाच्या गिरणीतले फोटो! राजापुरी हळद स्क्रीनवर फिकट राखाडी. सरांनी एकच विचारलं, "हे सांगलीतच का काढलं?" उत्तर नव्हतं.

रघुबीर सिंग (१९४२-१९९९) तिथून सुरू झाले. जयपूरचा माणूस. १९६६ साली ब्रेसाँ जयपूरला आला, तेव्हा त्याला काम करताना यांनी जवळून पाहिलं. तरी स्वतः रंगातच काम केलं. भारतीय नजर रंग वगळून बघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हे सगळं पटतं असं नाही (माझ्या आज्जीच्या लग्नातले फोटो कृष्णधवलच आहेत आणि कुणाचं काही अडलं नाही), पण हळदीपुढं उभं राहिल्यावर भांडता येत नाही.

त्यांची पद्धत अवघड आहे. ब्रेसाँच्या चौकटीत बऱ्याचदा एक घटना असते. यांच्या चौकटीत चार चालू असतात. १९९१ सालचा हावड्याच्या फुटपाथवरचा आरशांच्या दुकानाचा फोटो बघ. प्रत्येक आरशात वेगळा रस्ता, आणि डोळा कुठं थांबवावा कळत नाही. अँबॅसिडर मोटारीच्या दारं-काचांमधून काढलेले फोटोही तसेच, चौकटीत आणखी चौकटी. मी यार्डात टेम्पोच्या केबिनमध्ये बसून काढून बघितलं. साठातले चार धड निघाले. पण त्या चारांबद्दल लिहायला दोन पानं कमी पडली.

रंगाचा त्रासही सांगते. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपला आपण रंग जुळवतो ती सोय) हळदीचा पिवळा मारून टाकतो, म्हणून तो डेलाइटवर ठेव. एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) थोडं कमी धर, नाहीतर उन्हातल्या ढिगाचा नुसता पिवळा ठिपका होतो, हळकुंडं दिसतच नाहीत.

काही जण रघु राय म्हणतात. चर्चगेट स्टेशनवरचा १९९५ चा फोटो, गर्दी धूसर वाहतेय आणि एक माणूस निवांत पेपर वाचतोय, बघून मिरज जंक्शनवर तेच करायचा मोह होतो. ट्रायपॉड लागतो, परवानगी लागते, आणि बारापैकी बारा फोटो त्याच एका युक्तीचे होतात. आमच्या वर्गात तिघांचे झाले.

तर असं कर. सबमिशनला पंधराच दिवस उरले असतील आणि यार्डात कुणाची ओळख नसेल, तर ब्रेसाँ घे, घाटावर जा, आणि हळदीच्या वाटेला जाऊ नकोस. महिना हातात असेल तर रघुबीर सिंगच घे. पहिले दोन दिवस कॅमेरा न काढता अडत दुकानात नुसती बसून ये, म्हणजे हमाल तुझ्याकडं बघायचे थांबतील. आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांध. माझी झूमची रिंग फिरवली की अजून बोटाला पिवळं लागतं.